गुरुवारचा हसरा चेहरा

९ जानेवारी, सोमवार

शाळेने निरोपाला दिलेली ही वही चार महिने कपाटात पडून होती. एकतीस वर्षं चारशे पोरांना रांधून घातलं आणि हातात आलं काय, तर एक मेणबत्ती आणि एक वही. मेणबत्ती नाताळात जळाली. वही आज उघडली, कारण आज घरात काहीतरी घडलं.

विद्यापीठाची मुलगी आली होती. इनेस नाव. पोर्तुगालची आहे, सहा वर्षं इथं मिक्केलीत राहिलीय, आमची फिनिश भाषा झकास बोलते, फक्त हसते फार. बूट काढताना हसली, कोट टांगताना हसली, कॉफी ओतली तेव्हाही हसली. माझा नवरा एस्को जरा घाबरलाच. कामावरून निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षात नवराबायकोच्या मनाचं काय होतं, ते या लोकांना मोजायचंय. वाचनालयात जाहिरात मीच पाहिली आणि दोघांची नावंही मीच दिली. ऑक्टोबरपासून आम्ही दोघं चोवीस तास घरात आहोत. कोणीतरी मोजायलाच हवं.

दोघांच्या मनगटावर एकेक घड्याळ बसलं. दिवसातून सहा वेळा ते थरथरणार. थरथरलं की त्यावरच्या नऊ इमोजींपैकी, त्या क्षणी मनात जे असेल ते दाबायचं. शब्द नकोत, गुण नकोत. असं आठ आठवडे. एकमेकांचं बघायचं नाही, विचारायचं नाही. शेवटी ती येऊन आमच्याशी बोलणार.

मी लगेच त्या नऊ जणांना नावं ठेवून टाकली, दोन्ही अर्थांनी. डोळ्यांच्या जागी बदाम असलेला तो बदाम्या. दात काढणारा दाताड्या. गालात हसणारा हसरा. तोंडाच्या जागी नुसती आडवी रेघ असलेला सरळतोंड्या. मग झोपाळू, घामट, रडका, लालबुंद आणि ओकारी आल्यासारखा हिरवा.

इनेसने विचारलं, "काही शंका?"

एस्कोने खूप विचार करून विचारलं, "आंघोळ करताना काढायचं का?"

चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या या माणसाने. लिफ्टमध्ये लोक जितकं बोलतात, तितकंच तो घरी बोलतो.

१४ जानेवारी, शनिवार

इमारतीच्या सॉनाची, म्हणजे वाफेच्या आंघोळीची, आमची पाळी संध्याकाळी सहा ते सात. आज बरोबर गेलो, नेहमीसारखं. एस्कोने न विचारता तापलेल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं, मी ओरडले, त्याने अजून एक डाव ओतला. मग टॉवेल गुंडाळून बाल्कनीत बसलो. बाहेर उणे अकरा. दोघांच्याही अंगातून वाफा निघत होत्या. मी सॉसेज भाजून आणले होते. तो खात होता, मी समोरच्या तळ्यावर बर्फात भोकं पाडून मासे धरत बसलेल्यांचे दिवे बघत होते. अर्धा तास कोणी काही बोललं नाही.

तेवढ्यात घड्याळ थरथरलं. मी सरळतोंड्या दाबला. दुसरं काय दाबणार? काही दुखत नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं, शेजारी एस्कोच्या दंडाची ऊब होती. अशा वेळी उगाच दात कोण काढतं?

१९ जानेवारी, गुरुवार

आज मी एक वाईट गोष्ट केली. ती करून मला जे कळलं, ते त्याहून वाईट आहे.

संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी दोन्ही घड्याळं मीच चार्जिंगला लावते, कारण एस्को विसरतो. आज त्याच्या घड्याळावर बोट जरा जास्त वेळ राहिलं आणि सगळी मागची यादीच उघडली. वार, वेळ, चेहरा. मी मिटणार होते. मिटलं नाही.

घरातला सगळा वेळ सरळतोंड्या. सकाळी कॉफीला सरळतोंड्या. दुपारी सरळतोंड्या. संध्याकाळी माझ्या शेजारी सोफ्यावर, सरळतोंड्या. आणि गुरुवारी बारा चाळीसला, हसरा. मागच्या गुरुवारी बघितलं. बारा चाळीस, हसरा!

गुरुवारी तो चर्चच्या हॉलमध्ये असतो. तिथं म्हाताऱ्याकोताऱ्यांना, इथं घरोघरी असतं तसं, गुरुवारचं वाटाण्याचं सूप मिळतं, आणि टेबलं-खुर्च्या लावायला पुरुषमाणसं लागतात. ऑक्टोबरात तो सारखा माझ्या पायात पायात यायला लागला, तेव्हा मीच म्हणाले होते, "गुरुवारी तरी कुठे जा बाबा, मला माझं सूप सुखाने करू दे." ते जाऊ दे. मुद्दा असा, की तिथं सूप करते मार्केत्ता. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, केस अजून सोनेरी, कसे ते देव जाणे. आणि बारा चाळीस ही तिथली सूप वाढायची वेळ.

दुपारी घरी येऊन त्याने माझं सूप एक वाटी खाल्लं. एकच. एकतीस वर्षं दर गुरुवारी चारशे पोरं ज्या सूपासाठी रांग लावायची, ते सूप.

२१ जानेवारी, शनिवार

पुन्हा पाहिलं. मागच्या शनिवारी सॉनानंतर बाल्कनीत बसलो होतो, तेव्हा त्याने काय दाबलं होतं ते बघायचं होतं.

सरळतोंड्या!

माझ्या हातचं सॉसेज खाताना! मी शेजारी टॉवेलात बसलेली असताना! या माणसाला बाजूला बायको बसलीय का फुलांची कुंडी, त्याचंही सोयरसुतक नाही. आणि तिकडे परक्या बाईच्या वाडग्यासमोर गालात हसतोय. चौतीस वर्षं संसार केला. माझ्या वाट्याला एक आडवी रेघ.

आज सॉनात त्याने पाणी ओतलं तेव्हा मी ओरडलेसुद्धा नाही. त्याने वळून पाहिलं. पाहू दे.

२४ जानेवारी, मंगळवार

ताम्पेरेला राइयाला फोन केला. धाकटी बहीण आहे, पण माझ्यावर दादागिरी करते.

"दोनदा हसला एवढंच ना?" ती म्हणाली.

"दोन गुरुवार, दोन्ही वेळा. आणि माझ्यासमोर एकदाही नाही."

"अगं, एस्को तुझ्या लग्नाच्या फोटोतही हसलेला नाही. मला तर वाटलं होतं, नवऱ्यामुलाची दाढ दुखतेय."

"तेच तर म्हणतेय मी! हसू शकतो, हे मला आता कळलं. इतकी वर्षं साठवून ठेवलं आणि उधळतोय कुठे, तर मार्केत्तावर."

"तिच्या सूपात काय असतं?"

"मला काय माहीत? मी कशाला तिचं सूप खायला जाते!"

"मग जा," राइया म्हणाली. "पण जाण्याआधी त्याला विचार. तोंड आहे ना त्याला?"

तोंड आहे. सरळ आहे.

२६ जानेवारी, गुरुवार

विचारलं. "सूप कसं होतं?"

"सूपच होतं," एस्को म्हणाला आणि बूट काढायला वाकला.

संध्याकाळी घड्याळ बघितलं. बारा चाळीस: दाताड्या.

हसऱ्यावरून दाताड्यावर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता पुढच्या गुरुवारी बदाम्या येणार आणि मी इथं कांदा चिरत बसणार. माझं घड्याळ थरथरलं तेव्हा मी लालबुंद इतक्या जोरात दाबला, की नख दुखलं. खरं सांगायचं तर मला हेवा वाटतोय, आणि चौसष्टाव्या वर्षी हेवा वाटतोय याची लाजही वाटतेय. त्या लाजेसाठी नऊ जणांत एकही चेहरा नाही.

३१ जानेवारी, मंगळवार

आज मंगळवार असून मी वाटाण्याचं सूप केलं. आईने पाहिलं असतं तर म्हणाली असती, पोरीला ताप आलाय.

वाटाणे काल सकाळपासून भिजत घातले. धुरावलेलं हाडाचं मांस बाजारातून स्वतः निवडून आणलं. चार तास मंद आचेवर. खिडकीवर इतकी वाफ धरली, की एस्कोला बाहेरचा थर्मामीटर दिसेना. तो काचेवर बोटाने भोक पाडून वाकून बघत होता. दिवसातून दहा वेळा बघतो. तापमान त्याच्या परवानगीने बदलतं जणू. शेवटी मूठभर मार्जोरमचा सुका पाला चुरून टाकला. मग पॅनकेक, वर स्ट्रॉबेरीचा मुरंबा. घड्याळ साधारण कधी थरथरतं त्याचा अंदाज घेऊन बरोबर साडेबाराला वाढलं.

त्याने तीन वाडगे खाल्ले. मोहरीची पेस्ट संपवली. वाडगा पावाने पुसला. मग लोकरी मोजे काढून पाय माझ्या खुर्चीच्या दांडीवर ठेवले आणि विचारलं, "आज मंगळवार आहे ना?"

"आहे."

"हं," म्हणाला आणि डोळे मिटले.

घड्याळ थरथरलं. डोळे किलकिले करून त्याने दाबलं. मी संध्याकाळपर्यंत थांबलेच नाही. तो डुलकी घेत होता तेव्हाच मनगट वळवून बघितलं.

सरळतोंड्या.

मी उरलेलं सूप फ्रीझरमध्ये टाकलं आणि झाकण आपटलं. जागा झाला नाही.

२ फेब्रुवारी, गुरुवार

गेले.

कोट नीट घातला, लिपस्टिक लावली, बारा वीसला हॉलमध्ये पोहोचले. वीसेक माणसं होती. एस्को खिडकीपाशी बसला होता आणि मार्केत्ता त्याच्या शेजारी, ओल्या हातांनी एप्रन सावरत. मी खांबाआड कोट काढत उभी राहिले. कोट काढायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

एस्कोचं घड्याळ थरथरलं. मार्केत्ता लगेच त्याच्या मनगटावर वाकली.

"बघू, बघू! आज माझ्या सूपाला काय मिळतंय?"

समोरची म्हातारी म्हणाली, "मागच्या वेळी दात मिळाले होते हो तिला."

सगळे हसले. एस्कोचे कान लाल झाले. त्याने मनगट तोंडाजवळ नेलं, एकदा मार्केत्ताकडे पाहिलं आणि दाबलं. ती टाळी वाजवून म्हणाली, "दातच!"

मग मी खांबाआड राहिले नाही. टेबलाशी गेले. पडून असलेला चमचा उचलला, एस्कोच्या वाडग्यात बुडवला, चाखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मार्जोरम नाही. वाटाणे भिजवलेले नाहीत. पण मार्केत्ता, तुला हा माणूस इतका आवडला असेल तर ठेवून घे. घड्याळासकट."

वीस चमचे थांबले.

मार्केत्ताचा चेहरा पडला. "सिर्पा, अगं, काय बोलतेस..." एवढंच म्हणाली.

एस्को उठला. "जेवणाबद्दल आभार," असं तिला म्हणाला, वाडगा नेऊन ट्रेमध्ये ठेवला, टोपी घातली आणि माझ्यामागून बाहेर आला. घरापर्यंत माझ्या चार पावलं मागे चालत होता. पायाखाली बर्फ करकरत होता, तेवढाच आवाज. घरी आल्यावर मी म्हटलं, "बोल ना काहीतरी!"

"काय बोलू?" तो म्हणाला. "तू बोललीस ना."

मला वाटलं होतं बरं वाटेल. अर्धा तास वाटलंही.

५ फेब्रुवारी, रविवार

जिंकले!

शुक्रवारपासून तो घरात हसरा दाबतोय. सकाळी हसरा, कॉफीला हसरा, संध्याकाळी सोफ्यावर हसरा. तीन दिवसांत एकही सरळतोंड्या नाही. मी यादी दोनदा वर-खाली करून बघितली. चांगला खडसावला की माणूस सुधारतो, हे कोणी मला तीस वर्षांपूर्वी का सांगितलं नाही?

आणि वागणंही बदललंय. कॉफी झाली की कप विसळून ठेवतो. जेवणाबद्दल आभार मानतो. वर्तमानपत्र होतं तशी घडी घालून परत ठेवतो. काल सोफ्यावर बसण्याआधी विचारलं, "इथं बसू का?" राइयाला फोन करून सगळं सांगितलं. ती फक्त "हं" म्हणाली. जळत असेल. तिचा नवरा कप कुठे ठेवतो ते मला माहीत आहे.

९ फेब्रुवारी, गुरुवार

हॉलमध्ये गेला नाही. मी म्हटलंही नाही जा किंवा नको जाऊस.

माझं सूप खाल्लं. एक वाडगा. "फार छान झालंय," म्हणाला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा! मी पळीभर आणखी वाढायला गेले तर वाडग्यावर हात धरून म्हणाला, "नको, पुरे. आभारी आहे."

हसरा.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मैत्रीदिन, बाहेरचे लोक प्रेमाचा दिवस म्हणतात तो. एस्कोने ट्युलिप आणले आणि कार्ड. कार्डावर लिहिलंय: "सिर्पाला, एस्कोकडून." राइयाला फोनवर वाचून दाखवलं.

"अगं, आम्ही ऑफिसात सोडून जाणाऱ्याला असंच कार्ड देतो," ती म्हणाली.

मी फोन ठेवला. घड्याळ थरथरलं आणि माझं बोट घामट्यावर गेलं. का, ते कळलं नाही. फुलं तर छान आहेत.

१८ फेब्रुवारी, शनिवार

सॉनाच्या पाळीला एस्को म्हणाला, "तू आधी जाऊन ये. मी नंतर जातो."

"का?"

"तुला निवांत मिळेल."

एकटी बसले. पाणी मीच ओतलं, थोडंसं. ओरडायला कोणी निमित्त दिलं नाही. नंतर तो जाऊन आला, आणि बाल्कनीत आला तो शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. "थंडी आहे," म्हणाला. उणे दोन होतं.

हसरा.

हवं होतं ते सगळं मिळालंय. मग हे घर असं दुसऱ्याच कोणाचं तरी असल्यासारखं का वाटतंय?

३ मार्च, शुक्रवार

आज इनेस आली. हे सगळं आजच लिहून काढते, उद्या मला माझ्या सोयीचं आठवेल.

तिने टॅब्लेट टेबलावर ठेवला. दोन रेघा होत्या, एक निळी एस्कोची, एक लाल माझी. माझी लाल रेघ जानेवारीच्या शेवटी विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. एस्कोची निळी पहिले साडेतीन आठवडे, गुरुवारची उसळी सोडली तर, जमिनीला चिकटून सपाट, मग एकदम वर.

"एस्को," इनेस म्हणाली, "पहिल्या साडेतीन आठवड्यांत तुम्ही घरी एकशे अठरा वेळा सरळ तोंड दाबलंत. आम्ही त्याला शून्य धरतो. म्हणजे सुख नाही, दुःखही नाही."

"शून्य?" एस्को म्हणाला.

"हो."

"शून्य कसं?" त्याने टॅब्लेट स्वतःकडे वळवला, जणू कोणी लिफ्टच्या तारा उलट्या जोडल्यात. "हा तर सगळ्यात वरचा आहे."

"वरचा तर... डोळ्यांत बदाम आहेत तो."

"तो कोण दाबणार?" एस्को म्हणाला. "हा म्हणजे सगळं ठीक आहे. काही दाखवावं लागत नाही. तोंड जसं असतं तसं ठेवता येतं. असं फक्त घरी होतं."

इनेसचं हसू थोडं मागे गेलं. "मग हसरा?"

"तो लोकांत लागतो. हॉलमध्ये मार्केत्ता मनगटात डोकवायची. बाई सकाळपासून उभं राहून सूप करते. तिच्या समोर सरळ तोंड कसं दाबायचं? दोनदा हसरा दाबला तर म्हणाली, एवढंच? म्हणून तिसऱ्या वेळी दातांचा दाबला."

इनेस काहीतरी भराभर टिपून घेत होती. "मिक्केलीतली ही माझी अकरावी जोडी," ती स्वतःशीच पुटपुटली. "अकराही घरांत शून्यच शून्य. आणि मी अहवालात लिहिलंय की इथली जोडपी..." तिने वाक्य सोडून दिलं. मग बोट निळ्या रेघेच्या वरच्या टोकावर ठेवलं. "पण इथं बघा. तीन फेब्रुवारीपासून घरातही रोज हसरा. रोज. इथं काय झालं?"

एस्कोने स्वतःच्या मोज्यांकडे पाहिलं. मीही त्याच्या मोज्यांकडे पाहिलं.

"चांगलं वाटत होतं का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पाहुणा असलो की हसरं राहावं लागतं."

मला रडू आलं नाही. मी उगाच कॉफीची किटली पुन्हा भरायला घेतली. इनेसला वाटलं, विषय बदलावा. तिने माझी लाल रेघ सुरुवातीला नेली.

"सिर्पा, गंमत बघा. सुरुवातीला तुम्हीही सरळच दाबत होतात. आणि हे तर मला आधी चूकच वाटलं होतं. चौदा जानेवारी, शनिवार, संध्याकाळी सात दहा. दोघांनी एकाच मिनिटाला सरळ तोंड दाबलंय. दोघंही एकदम शून्यावर. तेव्हा काय करत होतात?"

"सॉसेज खात होतो," एस्को म्हणाला.

मी ही वही आणून ते पान काढलं. माझ्याच अक्षरात आहे: काही दुखत नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं, शेजारी एस्कोच्या दंडाची ऊब होती. मी स्वतः लिहिलं होतं. आणि बरोबर आठवड्याने त्याच रेघेसाठी मी त्याला मनात फासावर चढवलं. त्याने रोज मला त्याच्याकडचं सगळ्यात वरचं दिलं, एकशे अठरा वेळा, आणि मी चोरून मोजत राहिले की मला काहीच का मिळत नाही.

इनेस घड्याळं घेऊन गेली. जाताना हसली नाही. आमच्यासारखीच मान हलवली.

४ मार्च, शनिवार

कॉफी पिताना मी विचारलं, "एस्को. आत्ता कोणता?"

घड्याळ नाही, तरी तो समजला. कपातली उरलेली कॉफी संपवली.

"अजून नाही," म्हणाला.

खोटं बोलला असता तर माझ्यासाठी सोपं होतं. कप विसळून ठेवला त्याने.

९ मार्च, गुरुवार

सकाळी नऊलाच हॉलमध्ये गेले. मार्केत्ता कांदे सोलत होती. मला पाहून तिने सुरी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली.

मी म्हटलं, "मी त्या दिवशी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले. माफीही सगळ्यांसमोर मागणार आहे, साडेबाराला. आत्ता नुसती तुझी मागते."

"वाटाणे मी भिजवते हं," ती म्हणाली. बाकी सगळं सोडून ते लागलं होतं तिला.

"माहितीये. चव घेतली तेव्हाच कळलं होतं."

"मग?"

"मत्सर. मला मत्सर वाटला, मार्केत्ता. तुझ्या सूपाचा, तुझ्या केसांचा, सगळ्याचा."

तिने नाक एप्रनला पुसलं. कांद्याचंही असेल. "केस रंगवलेले आहेत," म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि तुझ्या नवऱ्याने इथं कधी दुसरी वाटी घेतली नाही. कितीही आग्रह कर. म्हणायचा, घरी आहे."

मी तिथंच बसून पाच किलो कांदे सोलले. सगळं रडणं तिथं खपून गेलं. साडेबाराला उभी राहून माफी मागितली. त्या दिवशी समोर बसलेली म्हातारी म्हणाली, "मोठ्याने बोल, मागच्या वेळी छान ऐकू आलं होतं."

११ मार्च, शनिवार

एस्को सॉनाला बरोबर आला. मी विचारलं नव्हतं, तो आपणहून टॉवेल घेऊन दारात उभा राहिला. पण डाव पाण्यात बुडवून माझ्याकडे बघत थांबला.

"ओतू?"

"ओत," मी म्हटलं. त्याने न विचारता ओतावं म्हणून मी काय वाट्टेल ते दिलं असतं! ओतलं. थोडंसं.

१६ मार्च, गुरुवार

तो आता पुन्हा हॉलमध्ये टेबलं लावायला जातो, मी कांद्यांना जाते. दोघं दीडला घरी आलो. माझं सूप सकाळीच मंद आचेवर ठेवलेलं, स्वयंपाकघराच्या खिडकीवर दाट वाफ धरलेली.

मी कोट टांगून येते तो काय, एस्को बाहेरचे बूट न काढता गॅसपाशी उभा, झाकण उघडून सरळ डावानेच सूप पितोय.

"एस्को! बूट! आणि वाडगा काय शोभेला आहे?"

"मोहरी कुठे ठेवलीस?" डाव तोंडातून न काढता तो म्हणाला. "कधी जागेवर ठेवत नाहीस."

मी जागच्या जागी उभी राहिले. लादीवर त्याच्या बुटांचा बर्फ वितळून घाण पाणी पसरत होतं. इतकी घाण मला आजवर कधी आवडली नव्हती. विचारावं की नाही कळेना. पुन्हा "अजून नाही" ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मोहरीची बाटली तेवढी पुढे केली.

खाऊन, कॉफी पिऊन झाल्यावर कप न विसळता तसाच टाकून तो सवयीने खिडकीपाशी गेला, थर्मामीटर बघायला. बोट काचेवर टेकवलं, पण भोक पाडलं नाही. मग वाफेत दोन ठिपके काढले, आणि त्यांच्या खाली एक आडवी रेघ. सरळ. लिफ्टवाल्याच्या हातची, अगदी पाण्याच्या पातळीत.

मागे वळून बघितलं नाही त्याने. कान तेवढे लाल झाले.

थोड्या वेळाने तापमान बघायला म्हणून तो काच पुसणार होता, तर मी त्याचा हात धरला. तेव्हा कुरकुरत बाल्कनीत गेला आणि वाकून बघून आला. उणे चार होतं.